चिलखताची बाही आणि कलाशाखेचे हात

कलाशाखा म्हणजे जिच्यात हाताने काही करावे लागत नाही ती शाखा, अशी आपल्याकडे एक पक्की समजूत होऊन बसली आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा असते, वाणिज्यच्या विद्यार्थ्याला निदान ताळेबंद जुळवावा लागतो. आपल्याला फक्त मते असतात. हाताचा उपयोग झालाच तर तो वक्तृत्वस्पर्धेत हवेत फिरवण्यापुरता किंवा परीक्षेत पुरवण्या भरण्यापुरता. तेव्हा परंपरेला अनुसरून मीही या लेखात एक मतच मांडणार आहे. फरक एवढाच, की ते मत तार, पक्कड आणि चामड्याची वादी यांच्याविषयी आहे.

मत असे: स्नेहसंमेलनात जे ऐतिहासिक नाटक किंवा नाट्यप्रवेश होतो, त्यासाठी चिलखत भाड्याने आणण्याची प्रथा आपण बंद करावी. सबंध चिलखत करणे आपल्याला झेपणार नाही, हे मला मान्य आहे. पण कोपरापासून मनगटापर्यंतच्या कड्यांच्या बाह्या, एका नटाच्या दोन हातांच्या दोन, आपण स्वतः लोखंडी तारेच्या कड्या एकमेकींत गुंफून कराव्या, आणि त्या हातावर अशा बसवाव्या की पल्लेदार संवाद, तलवारीचे हात आणि शेवटचे मरण एवढे सगळे होऊनही त्या जागच्या हलू नयेत. या वाक्याचा पहिला अर्धा भाग चिकाटीचा आहे. दुसरा डोक्याचा आहे, आणि त्याच्याविषयीच मला अधिक बोलायचे आहे.

भाड्याच्या पेटीतून येणारे चिलखत कसे असते, हे ज्यांनी रंगपटात पाहिले आहे त्यांना सांगायला नको. सुतळीची किंवा जाड दोऱ्याची सैल विणलेली बंडी, तिच्यावर चंदेरी रंगाचा एक हात, आणि मागे दोन नाड्या. ही युक्ती फक्त आपलीच आहे असे नाही. १९४४ साली लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी 'पाचवा हेन्री' हा चित्रपट काढला, तेव्हा त्यातली कड्यांची चिलखते दोऱ्याने विणून वर ॲल्युमिनियमचा रंग दिलेली होती. पण तेव्हा महायुद्ध चालू होते आणि धातू मिळत नव्हता. त्यांना युद्धाची सबब होती. आपल्याला कोणती आहे?

एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी पाहिलेला प्रसंग सांगतो. स्पर्धा कोणती आणि संघ कोणता याला महत्त्व नाही. सरदार ऐन युद्धाच्या आवेशात आला, दोन्ही हात उंचावून त्याने 'हर हर महादेव' म्हटले, आणि त्याच क्षणी दोन्ही चंदेरी बाह्या सरसर घसरून कोपराशी गोळा झाल्या. एका मनगटावर आकडे लुकलुकणारे घड्याळ आणि दुसऱ्यावर कुठल्याशा देवस्थानचा लालपिवळा धागा. सभागृह खो खो हसले. पुढचा अर्धा तास तो बिचारा एका हाताने दुसऱ्या हाताची बाही ओढत होता, आणि मरतानाही त्याने आधी बाही सारखी केली व मग प्राण सोडला. त्याचा अभिनय वाईट नव्हता. बाही त्याच्या हाताला बसवलेली नव्हती, एवढेच.

आता मूळ वस्तूकडे वळू. कड्यांच्या चिलखताला फारसीत 'जिरह' म्हणतात. आपल्या जिरेटोपातले 'जिरे' तेच, असे मानले जाते. फोडणीच्या जिऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. अबुल फजलच्या 'आईने अकबरी'त शस्त्रागाराची जी यादी आहे तिच्यात जिरह वेगळे आणि बख्तर वेगळे दिले आहे. पहिले निव्वळ कड्यांचे, दुसऱ्यात पोलादाच्या पट्ट्या. युरोपात ही विद्या कमीत कमी बावीसशे वर्षांची आहे. केल्टिक लोकांच्या थडग्यांत अशा कड्यांचे अवशेष निघाले आहेत आणि रोमन सैनिक असे चिलखत अंगावर घालीत. गुंफण्याची जी रीत सर्वाधिक पसरली ती सांगायला एक वाक्य पुरते: प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांतून जाते. झाले. या एका वाक्याचे कापड बनते. ते कापडासारखेच अंगावर पडते, आणि तरी धारेने कापले जात नाही. मात्र ते मार अडवत नाही. तलवारीची धार थांबते, पण फटक्याचा जोर जाळीतून थेट हाडापर्यंत पोहोचतो. म्हणून खाली कापूस भरलेले जाड वस्त्र असायचेच.

प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी काय घडले, हे आपण चौथीच्या इतिहासापासून वाचत आलो. खानाचा वार महाराजांच्या अंगरख्याखालच्या चिलखतावर गेला, हे वाक्य आपल्याला झोपेतही म्हणता येईल. पण चिलखत म्हणजे नेमके काय, ते किती जड, ते अंगावर राहते कशाच्या आधाराने, हा प्रश्न बी. ए.च्या शेवटच्या वर्षापर्यंत आपल्याला कोणी विचारत नाही, आणि आपणही कोणाला विचारत नाही. शब्द माहीत आहे म्हणजे वस्तू माहीत आहे, असे समजून आपण पुढच्या प्रकरणाकडे जातो. कलाशाखेचा खरा रोग कोणता, असे मला कोणी विचारले तर मी याच सवयीकडे बोट दाखवीन.

असो. तार सोळा गेजची घ्यावी, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर जाडीची. हार्डवेअरच्या दुकानात 'जी. आय. तार' म्हटले की मिळते. आठ मिलिमीटरच्या सळईवर ती घट्ट गुंडाळली की लांबलचक स्प्रिंग तयार होते, आणि ती स्प्रिंग एका सरळ रेषेत कापली की कड्या मोकळ्या होतात. घाई करणारा येथे कटर घेऊन फटाफट तोडतो. त्याने तारेची टोके चिमटल्यासारखी धारदार राहतात आणि कडी मिटल्यावरही सांधा बोटाला लागतो. बारीक पात्याच्या करवतीने कापायला वेळ लागतो, पण टोके सपाट येतात. नटाची कातडी आणि बाहीचे अस्तर दोन्ही वाचतात. तारेवर जस्ताचा मुलामा असतो, म्हणून ती कधी तापवू नये. तो धूर छातीला वाईट.

गुंफायला दोन पकडी लागतात, शक्यतो चपट्या तोंडाच्या. कडीची टोके दोन बाजूंना ओढून फाकवायची नाहीत, त्याने तिचा गोल बिघडतो. एक टोक आपल्याकडे आणि दुसरे पलीकडे, असे पीळ दिल्यासारखे उघडायचे. मिटतानाही तसेच, टोक थोडे पुढे नेऊन परत जागी आणायचे. टोकाला टोक घासून अगदी बारीक 'टक्' असा आवाज होतो. तो आला की कडी मिटली. सांध्यात नख शिरत असेल तर ती कडी आज ना उद्या निसटणार, आणि ती निसटली की शेजारच्या चारही सैल पडणार. सराव नसलेल्या माणसाच्या एका तासात शंभरेक कड्या होतात. आम्ही तिघांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत एक जोडी केली, तिच्या एका बाहीला चव्वेचाळीस ओळी आणि सुमारे तेराशे कड्या लागल्या. म्हणजे तार चाळीस मीटर, वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, आणि वेळ तेरा तास. हे एका हाताचे.

शिवाय ही आपली कडी नुसती टोकाला टोक भिडवलेली असते. युद्धात वापरायच्या चिलखतात बहुधा कडीची दोन्ही टोके ठोकून चपटी करीत, एकावर एक आणीत, त्यांतून भोक पाडीत आणि त्यात इवलासा रिव्हेट ठोकीत. प्रत्येक कडीत. आपल्याकडच्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या काही चिलखतांत भिडवलेल्या टोकांच्या कड्याही दिसतात, आणि काहींत लोखंडाच्या जाळीत पितळेच्या कड्या घालून शंकरपाळ्यांची नक्षी काढलेली असते. पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाणे झाले तर दिवे आणि अडकित्ते पाहून होताच परतू नये. तेथल्या शस्त्रांच्या आणि चिलखतांच्या दालनात थोडे रेंगाळावे. सबंध अंगाच्या चिलखताला वीस-पंचवीस हजार कड्या सहज लागतात आणि वजन आठ-दहा किलोंपर्यंत जाते. आपल्याला तार दुकानात मिळते. त्या कारागिराला तारसुद्धा लोखंड तापवून, ठोकून, मग पोलादी पट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढून काढावी लागे. पहिली कडी वळण्याआधीच त्याचे कित्येक दिवस गेलेले असत.

तेराशे कड्या मिटवून अंगठ्याला घट्टा पडला की एक गोष्ट आपोआप कळते, जी मला कोणाच्याही नोट्समधून कळली नव्हती. असे चिलखत सगळ्यांना मिळणे शक्यच नव्हते. ते सरदाराचे, मानकऱ्याचे, ज्याच्यापाशी पैसा आणि कारागीर ठेवण्याची ऐपत होती त्याचे. डोंगर चढून येणाऱ्या मावळ्याच्या डोक्याला मुंडासे, कमरेला शेला, हातात ढाल-तलवार आणि अंगावर साधे कापड. तो वार झेलत असे तो ढालीवर, आणि ढाल चुकली तर अंगावर. आपण मात्र रंगमंचावर वीसच्या वीस मावळ्यांना चंदेरी बंड्या घालून उभे करतो आणि त्याला भव्यता म्हणतो. मला हा त्या मावळ्यांवर अन्याय वाटतो. ज्याच्या अंगावर लोखंड नव्हते तोही पुढे गेला, ही गोष्ट आपण चंदेरी रंगाखाली झाकून टाकतो. नाटकात दोनच माणसांच्या हातांवर खरे लोखंड दिसू द्या, आणि बाकीचे सगळे उघड्या हातांनी उभे राहू द्या. प्रेक्षकाला जे कळायचे ते एका शब्दावाचून कळेल.

बखरींत वार करणाऱ्यांची नावे आहेत, वार झेलणाऱ्यांची आहेत. कड्या वळणाऱ्याचे नाव माझ्या वाचनात तरी आलेले नाही. हत्यारांना धार आणि झिलई देणाऱ्या शिकलगारांचे वंशज आज गल्लीत येऊन आपल्या विळ्या-कात्र्यांना धार लावून देतात, आणि आपण त्यांच्याशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतो. हे जरा विषयांतर झाले.

इतिहासाचे सर एक शंका काढतीलच, म्हणून ती मीच काढतो. आपल्याकडे कोपर ते मनगट या भागावर बहुधा पोलादी पत्र्याचा दस्ताना असे: बाहेरच्या बाजूने लांब वळवलेला पत्रा, मनगटाच्या आतल्या बाजूला बिजागरीने जोडलेले लहान पत्रे, आत गुबगुबीत अस्तर, आणि पंजावर उतरणारी कड्यांची किंवा कापडाची झूल. त्याचे कारण उघड आहे. डोक्यावर येणारा वार माणूस नकळत याच हाताने अडवतो, आणि येथे हाड कातडीला अगदी लागून आहे. नुसत्या जाळीने ते वाचणार नाही. कड्यांची बाही असायची ती सबंध चिलखताचाच भाग म्हणून, कुठे कोपरापर्यंत तर कुठे मनगटापर्यंत. तेव्हा सुटी बाही हा रंगभूमीने सोयीसाठी तोडून घेतलेला तुकडा आहे, हे मान्य. पण वर कापडी अंगरखा आणि त्याच्या बाहीखालून मनगटापर्यंत उतरलेले लोखंड, असे दिसले की आत सबंध चिलखत आहे असे प्रेक्षक मनाने भरून काढतो. प्रतापगडावरचे चिलखतही कापडाच्या आतच होते.

आता हाताचे माप. हात ही नळी नव्हे. कोपराखाली जो घेर असतो तो मनगटाशी सरासरी दोन-तृतीयांश उरतो. सरळ नळी गुंफली की ती वर बरोबर बसते आणि खाली बादलीसारखी हेलकावते. बहुतेक हौशी बाह्या येथेच फसतात. म्हणून गुंफतानाच घट करीत यावे लागते. एरवी नव्या ओळीतली प्रत्येक कडी वरच्या ओळीतल्या दोन कड्यांतून जाते. घट करायची तेथे ती तीन कड्यांतून न्यायची, की ओळीतली एक कडी कमी झाली. आमच्या बाहीला कोपराशी छत्तीस आणि मनगटाशी चोवीस कड्या होत्या, म्हणजे तीन-चार ओळींमागे एक घट. सगळ्या घटी एकाखाली एक आल्या तर तेथे चुणी पडते, म्हणून त्या इकडेतिकडे विखुरलेल्या बऱ्या. स्वेटर विणणाऱ्या कोणालाही हे अर्धे सांगितले तरी पुरते: दोन टाके एकत्र घेणे ते हेच. आमच्या शेजारच्या आजींनी आमची जाळी हातात घेतली, उलटीसुलटी केली, आणि घटी विखरायचा सल्ला त्यांनीच दिला. चिलखत या विषयावर त्यांनी आयुष्यात काही वाचलेले नाही. म्हणजे गंमत पाहा, सुतळीची बंडी विणणारीला खरे चिलखत करण्याची निम्मी विद्या येत असते, आणि आपण तिच्या हाती सुतळी देतो.

जाळीला कापडासारखाच उभा-आडवा धागा असतो, हेही ध्यानात ठेवावे. वीतभर तुकडा झाला की तो दोन्ही दिशांनी ओढून पाहावा. एका दिशेने तो अधिक पसरतो. ती दिशा हाताच्या घेरावर यावी. मग बाहीला लांबीत थोडा ताण मिळाला की ती घेरात आवळते आणि हाताला धरून राहते. उलट झाले तर तीच बाही सैल पोत्यासारखी दिसते, कड्या तितक्याच असून.

एवढे झाले तरी बाही अजून हातावर बसलेली नाही. मुख्य प्रश्न पुढेच आहे. हात वर केला तर बाही कोपराकडे घसरू पाहते. तेथे मघाची घट कामाला येते, कारण तिचे अरुंद टोक हाताच्या रुंद भागावर अडते. पण हात खाली सोडला की सव्वासहाशे ग्रॅम लोखंड पंजाकडे धावते आणि वरचे रुंद टोक त्याला मुळीच अडवत नाही. सगळी जाळी मनगटावर पायमोज्यासारखी गोळा होते. यावर सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे मनगट करकचून बांधणे. पण त्याने बाही थांबत नाही, फक्त बोटे बधिर होतात, आणि पाचव्या मिनिटाला तलवार हातातून पडते. बाही खालून बांधायची नसते, वरून टांगायची असते. हे एकदा उमगले की बाकीचे सोपे.

आधी जुन्या चादरीची दुपदरी बाही शिवावी, मध्ये कापसाचा पातळ थर घालून गोधडीसारखे टाके मारावे. ही अस्तराची बाही दंडापर्यंत जाऊ द्यावी आणि तिला वर दोन काजे करून नाडीने आतल्या बंडीच्या खांद्याला बांधावे. आता वजन खांद्याने पेलले. युरोपातले सरदारही आपल्या हातापायांवरचे पत्रे खालच्या जाड कापडी अंगरख्याला मेण लावलेल्या दोऱ्यांनी असेच बांधीत. मग कड्यांची बाही या अस्तरावर चढवून तिची वरची कड सगळ्या घेराने जाड दोऱ्याने शिवून टाकावी. दोरा प्रत्येक कडीतून जावा. एखाद-दुसऱ्या कडीवर भार आला तर भिडवलेली टोके फाकतात, हे लोखंड दिसायला लोखंड असले तरी. तोच नियम चामड्याला. इंचभर रुंदीचा पट्टा वरच्या ओळींतून आतबाहेर ओवून घ्यावा आणि कोपराच्या घडीखाली, जेथे हाताचा फुगीर भाग अजून सुरू व्हायचा असतो त्या किंचित बारीक जागी, बक्कल लावावे. पट्ट्याखाली दोन बोटे सरकली पाहिजेत. फुगीर भागाच्या खाली पट्टा बांधणाराची बाही पहिल्या प्रवेशातच उतरते.

मनगटाकडची गोष्ट वेगळी. तेथे बाही पंजापेक्षा अरुंद असल्यामुळे हात आत जाणारच नाही; म्हणून हाताच्या आतल्या बाजूने मनगटापासून चार-पाच बोटे लांबीची चीर ठेवावी लागते. चिरेच्या दोन्ही कडांच्या कड्यांतून वादी तिरकी ओवायची आणि गाठ आत खोचायची. वादी तबल्याच्या दुरुस्तीवाल्याकडे उत्तम मिळते. बाही मनगटाच्या घडीच्या दोन बोटे अलीकडे संपवावी, नाहीतर तलवार धरून मनगट वळत नाही. आणि खालचे टोक अस्तराला शिवून टाकू नये. तळहात आकाशाकडे आणि मग जमिनीकडे करून पाहा: मनगट जवळजवळ अर्धा फेरा फिरते, कोपर मात्र जागचे हलत नाही. कारण आत एक हाड दुसऱ्यावरून वळते. दोन्ही टोके घट्ट शिवलेली बाही या फिरण्यात ओल्या धोतरासारखी पिळली जाते. वर पक्की, बाहेरच्या बाजूने मध्ये मध्ये एखादा टाका, आणि खाली नुसती वादीने धरलेली, असे असले की जाळी हाताबरोबर फिरते. येथे ती पत्र्यावर मात करते. पत्र्याला फिरण्यासाठी जागा सोडावी लागते. कड्यांना ती सांगावी लागत नाही.

ही वादी एकट्याला बांधता येत नाही. एका हाताने आणि दातांनी खटपट करून पाहावी आणि मग सोबत्याला हाक मारावी. ऐतिहासिक नाटकात सरदाराशेजारी एक सेवक विनाकारण उभा असतो, त्याला काम काय होते हे अशा वेळी कळते. बाही बांधून झाली की तालमीआधी हात मिनिटभर वर धरावा, मिनिटभर खाली सोडावा, वीस वेळा तळहात उलटासुलटा करावा आणि जिना दोनदा चढून उतरावा. पट्टा बोटभरही सरकला नाही तर बाही बसली.

यावर आक्षेप येतात. मित्र म्हणतात, बाराव्या रांगेतून कोणाला कड्या दिसणार? दिसणार नाहीत कदाचित. पण ऐकू येतील. लोखंडाची बाही घातलेला माणूस हात उचलतो तेव्हा एक खळखळ होते, ती चंदेरी रंगाला कुठून येणार? आणि नटाचा हात वेगळा हलतो. वजनाचा अभिनय करावा लागत नाही, वजनच अभिनय करून घेते. दुसरा आक्षेप आजच्या काळाचा: तयार मिळते की, घरबसल्या मागवा. मिळते. दोन हजार एक सालापासून आलेल्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या चित्रपटांसाठी न्यूझीलंडमधल्या कारागिरांनी प्लास्टिकच्या नळ्यांच्या चकत्या कापून लाखो कड्या केल्या, नटांना भार होऊ नये म्हणून. पण त्या जोडल्या माणसांनीच, हाताने, एकेक करून. साहित्य बदलले, हात सुटले नाहीत. ज्यांच्यापाशी पैशाला तोटा नव्हता त्यांना जर ही सोय करता आली नाही, तर आपण विकत घेतलेल्या वस्तूने काय शिकणार? तिसरा आक्षेप गुणांचा. तेरा तासांत एका पेपरची तयारी होते, असे एका मॅडमनी मला सांगितले. होते. पण त्या पेपरात चिलखत हा शब्द आला तर यापुढे मी त्याच्याविषयी चार ओळी स्वतःच्या लिहीन, हेही मी त्यांना नम्रपणे सांगितले.

एक मात्र बजावून सांगतो. ही बाही रंगमंचावरची आहे. तिच्या भरवशावर कोणी घरची जुनी तलवार घेऊन तालमीला येऊ नये. लाकडी किंवा बोथट ॲल्युमिनियमच्या पात्यापलीकडे तिची परीक्षा घ्यायची नाही. पावसाळ्यात ती फडक्याने पुसून, तेलाचा हात लावून, कोरड्या डब्यात ठेवावी. कापलेल्या टोकांशी जस्ताचा मुलामा नसतो आणि गंज तेथूनच चढतो.

स्नेहसंमेलन समितीची पहिली बैठक बहुधा ऑगस्टमध्ये होते. तेव्हा पोशाखाच्या भाड्यासाठी जी रक्कम बाजूला काढली जाते, तिच्यातून तीन किलो तार, चार पकडी, दोन सळया, एक करवत आणि चामडे घ्यावे, म्हणजे दोन नटांच्या चार बाह्या होतील. जिमखान्याशेजारची मोडक्या बाकांची खोली शनिवारी दुपारी उघडून मिळावी. दहा जण आले तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वापाचशे कड्या येतात. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत गुंफण पुरी होईल आणि अस्तराला नोव्हेंबर उरेल. विणकाम येणाऱ्या मुलींनी घटींचे काम आपल्याकडे घ्यावे, आणि मुलांपैकी कोणाला शिकायचे असेल तर त्यांना शिकवावे. आमच्या उन्हाळ्यातल्या बाह्यांपैकी एक नमुन्यासाठी मी ग्रंथालयात ठेवून देतो; ती हातावर चढवून पाहायला हरकत नाही. तार मात्र सोळा गेजचीच आणावी. दुकानदार अठराची स्वस्त म्हणून पुढे करतो, पण आठ मिलिमीटरच्या कडीला ती पातळ पडते आणि ओढ बसली की सांधा उघडतो.